तुमानेंग, बेलार्मिनो: हजर

तुम्ही आमच्या मेलेल्या माणसांना मरू देत नाही. हा माझा आरोप आहे, आणि तो मी सकाळी नऊ वाजता, पूर्ण शुद्धीत, एक थेंबही न घेता करतो आहे. 'न घेता' हे मुद्दाम लिहिलं. तुमच्या पेन्शन कार्यालयाच्या मागच्या पत्रात 'अर्जदाराची मनःस्थिती लक्षात घेता' असे शब्द होते. ते पत्र माझ्या बायकोने, रेमेदियोसने, कुंपणापाशी उभं राहून शेजारच्या मानांग, म्हणजे ताई, इलुमिनादाला मोठ्याने वाचून दाखवलं. तेव्हापासून इलुमिनादा मला पाहिलं की आवाज खाली आणून बोलते, जणू मी नुकताच तापातून उठलोय. हा अपमान तुमच्या कुठल्या रकान्यात भरायचा, तेही कळवा.

मी सार्जंट सिप्रियानो माडरांग, पायदळ, निवृत्त. शाळा सहावीपर्यंत. पुढचं शिक्षण सैन्याच्या हजेरीवह्यांवर झालं. माझं अक्षर तुम्ही पाहिलंच आहे. तुमच्याकडे आलेल्या कागदांत जो कागद पाहून डोळ्यांना बरं वाटलं असेल, तो माझा. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या वहीत एक खाडाखोड नाही. हे मी अभिमानाने सांगत आलो. आता तो अभिमान राहिला नाही, पण ते ओघाने येईलच.

आमच्या गावात निवृत्त सैनिकांची संघटना आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी देवळातली मिसा आटोपली की ग्रामसभागृहामागच्या पत्र्याच्या खोलीत सभा भरते. अध्यक्ष कॅप्टन ओनोफ्रे लागमाय, चिटणीस मी. पंख्यासमोर बसणं हे अध्यक्षांचं काम, उरलेलं सगळं चिटणीसाचं. सहा वर्षांपूर्वी आमच्यातला पहिला गडी गेला तेव्हा मी ठराव मांडला: मेलेल्याचं नाव हजेरीतून काढायचं नाही. नाव पुकारायचं, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या सोबत्याने त्याच्या वतीने 'हजर' म्हणायचं. ठराव एकमताने पास झाला. कॅप्टन रडला, मीही रडलो. रेमेदियोस म्हणाली, "घरात कुणी हाक मारली तर ओ देत नाही, आणि तिथे मेलेल्यांच्या वतीने ओ देता." बायकांना सैन्यातलं काही कळत नाही, असं मी तेव्हा म्हणालो होतो. हे वाक्य मी मागे घेतो.

अशी आमच्या वहीत नऊ मेलेली माणसं झाली, आणि हजेरीत ती जिवंतांच्या कितीतरी पुढे. जिवंतांना गुडघे असतात, नातवंडांचे बाप्तिस्मे असतात, लसणाची काढणी असते. मेलेल्यांना यातलं काही नाही. सहा वर्षांत एकाचीही दांडी नाही.

मग तुमचं ते परिपत्रक आलं. म्हाताऱ्यांनी हयातीच्या दाखल्यासाठी बारा तास बसमध्ये हाडं खिळखिळी करत मनिलाला यायची गरज नाही. संघटनेच्या हजेरीपटाची तीन महिन्यांची प्रत, चिटणीसाच्या सहीने, पुरेशी. परिपत्रक चांगलं होतं. तुमच्या हातून चांगलं काही झालं की पुढे काय होणार याची मला धास्ती वाटते, पण त्या दिवशी वाटली नाही. मी वही घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो. मोठ्या कागदाची प्रत तीन पेसो, लहान कागदाची दोन. मी इलोकानो आहे, म्हणजे जन्माचा चिक्कू. आमच्यात बाळ जन्मलं की आधी मूठ वळतं आणि मग रडतं. मी लहान कागद घेतला.

लहान कागदावर वहीचा डावीकडचा समास मावला नाही. आणि मेलेल्यांच्या नावाआधीचा बारीक क्रूस मी त्या समासात काढत असे.

आठ जणांचं काही बिघडलं नाही. त्यांच्या फायली तुम्ही आधीच बंद केल्या होत्या. नववा होता कॉर्पोरल बेलार्मिनो तुमानेंग. तो वारला तीन फेब्रुवारीला, आणि फेब्रुवारी, मार्च, एप्रिल अशा तिन्ही सभांना माझ्या सुंदर अक्षरात हजर राहिला. त्याची खुर्ची माझ्या शेजारी. त्यामुळे त्याच्या वतीने उत्तर मीच देत असे, आणि चांगलं देत असे. बेलार्मिनोची एक लकब होती: नाव पुकारलं की क्षणभर थांबायचं, बारीक खोकायचं, मग म्हणायचं, "हजर, सार्जंट." मी ते हुबेहूब करायचो. लोक हसायचे, डोळे पुसायचे. मला वाटायचं, यालाच मैत्री म्हणतात.

त्याची बायको पुरिता मार्चमध्ये मृत्यूचा दाखला घेऊन तुमच्या खिडकीवर आली. एप्रिलअखेर तिला पत्र गेलं: कॉर्पोरल तुमानेंग हयात असल्याचं दिसतं, विधवेचा अर्ज स्थगित. ती पत्र घेऊन माझ्याकडे आली. काळा झगा, हातात छत्री. बोलणं मोजकं.

"सार्जंट, हे कुठे गेलेत ते मला माहीत आहे. मी स्वतः माती लोटली. वर्ष भरलं की मला हे काळं उतरवायचंय, गावजेवण घालायचंय. जिवंत माणसाच्या नावाने गावजेवण कसं घालू?"

"मानांग, माझ्यावर सोडा," मी म्हणालो. हे शब्द मी आयुष्यात ज्या ज्या वेळी बोललो, त्या त्या वेळी समोरच्याचं नुकसान झालेलं आहे.

तर बारा तास बसमधून मी तुमच्याकडे आलो. खिडकी क्रमांक सात. आत मिस पागदिलाव नावाची मुलगी. वागायला गोड, आणि तिच्याशी भांडता येत नाही ही तुमच्या कार्यालयाची सर्वांत मोठी लबाडी आहे.

"आजोबा, यात अडचण अशी आहे," ती म्हणाली, "मृत्यूचा दाखला एक आहे. हजेऱ्या तीन आहेत."

"बाळ, माणूस मरतो एकदाच."

"तेच तर. एक कागद म्हणतो मेले, तीन कागद म्हणतात आहेत. शिवाय हे तीन कागद नंतरच्या तारखांचे."

"त्या हजेऱ्या मी दिल्या. त्याच्या वतीने."

तिने पेन खाली ठेवलं. "आजोबा, हे मी ऐकलं नाही असं समजते. दुसऱ्याची हजेरी लावणं हा गुन्हा आहे, आणि सही तुमची आहे." मग तिनेच उपाय सांगितला. हजेरीने जिवंत झालेला माणूस हजेरीनेच मरतो. नाव खोडायचं नाही. पुढच्या सलग तीन सभांना नाव पुकारायचं, उत्तर आलं नाही की गैरहजेरीचा 'अ' लिहायचा, आणि मूळ वही आणून दाखवायची. तीन गैरहजेऱ्या झाल्या की तो वारला.

एवढं सोपं! तीन वेळा गप्प बसायचं. मी येताना आनंदाने बसमध्ये उकडलेली अंडी विकत घेतली, दोन.

मे महिन्याची सभा. बाहेर ऊन असं की पत्रा तडतडत होता. पुरिता मागच्या रांगेत येऊन बसली. कॅप्टनने सर्वांना बजावलं, "तुमानेंगचं नाव आलं की कुणी तोंड उघडायचं नाही. हा आदेश आहे." तेरा जिवंत सभासद हजर होते. मी नावं पुकारत गेलो. त-वर आलो.

"तुमानेंग, बेलार्मिनो."

पंखा डावीकडून उजवीकडे फिरला. मी पेन टेकवलं. अ लिहायला सुरुवात करणार, तेवढ्यात कुणीतरी बारीक खोकलं.

"हजर, सार्जंट."

एकदम साधा आवाज. घसा बसलेल्या माणसाचा, फार लांबून चालत आलेल्याचा. कॅप्टन उखडला. "कोण तो गाढव?" सगळे तेओफिलोकडे वळले. तेओफिलो तोफखान्यातला; दोन्ही कान तोफेने नेले. तो कुणाच्याही नावाला उत्तर देतो. मागे एकदा त्याने देवळात लग्न लागताना नवऱ्याच्या आधी 'हो' म्हटलं होतं.

"तेओफिलो, तू बोललास?" कॅप्टन ओरडला.

"जेवून आलोय," तेओफिलो म्हणाला.

झालं, गुन्हेगार सापडला. मी नाइलाजाने हजेरीचा ह लिहिलं; कारण वहीत जे ऐकू येतं तेच लिहायचं असतं. सभा संपल्यावर खुर्च्या गोळा करताना बेलार्मिनोच्या खुर्चीखाली पाणी दिसलं. ओंजळभर. कॅप्टन म्हणाला, पत्रा गळतो. दोन महिने गावावर ढग फिरकला नव्हता. पण पत्रा गळतो असं आम्ही इतिवृत्तात लिहिलं आणि दुरुस्तीसाठी वर्गणीचा ठराव केला.

गावात बातमी पसरायला आमच्याकडे कसलीच यंत्रणा लागत नाही, इलुमिनादा आहे. संध्याकाळच्या आत ती कुंपणावर.

"मानोंग, उपाशी असणार हो तो. पान वाढलंत का त्याचं? मेलेल्याला नुसतं बोलावून चालतं का? तुम्ही दर महिन्याला बोलावता आणि पाणीसुद्धा विचारत नाही."

"आम्ही सैनिक आहोत, मानांग. आमची सभा असते, श्राद्ध नसतं."

"मग त्याला सांगा तसं," ती म्हणाली.

पाद्रीबाबांनी तीर्थ शिंपडायचा सल्ला दिला. माझ्या मेव्हण्याने, जो नौदलात स्वयंपाकी होता आणि म्हणून स्वतःला दर्यावर्दी समजतो, सभेची जागा बदलायला सांगितलं: आत्म्यांना पत्ता बदललेला कळत नाही, तुमच्या पेन्शन कार्यालयासारखंच. रेमेदियोसने एकच विचारलं: "अहो, तो तुम्हालाच का सार्जंट म्हणतो? तिथे सार्जंट पाच आहेत."

मी म्हणालो, "वही माझ्या हातात असते म्हणून." ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

जूनसाठी कॅप्टनने योजना आखली. त्याच्या संपूर्ण लष्करी आयुष्यातली ही सर्वांत काटेकोर योजना असावी. प्रत्येक सभासदाने त-च्या आधी तोंडात पाण्याचा घोट धरायचा आणि नाव पुकारून पेन खाली ठेवेपर्यंत गिळायचा नाही. तोंडात पाणी असलेला माणूस बोलू शकत नाही. बोललाच तर ओला होऊन सापडतो. इलुमिनादाच्या समाधानासाठी खुर्चीवर पानही वाढलं: चिकट भाताचा लाडू, एक लोंगानिसा, म्हणजे लसूण घातलेलं सॉसेज, उकडलेलं अंडं, पेलाभर उसाची दारू, विडी. लोंगानिसा सभेच्या सुरुवातीलाच नाहीशी झाली. अंगावर काटा आला सर्वांच्या. मग कॅप्टनच्या मिशीला लसूण दिसला. "सामान्य तपासणी," तो म्हणाला.

"पाणी!" त्याने आदेश दिला. चौदा म्हाताऱ्यांचे गाल फुगले. मागे पुरिताही घोट धरून बसली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. फक्त माझं तोंड मोकळं. मी गाल फुगवलेल्या त्या शूर लोकांकडे पाहिलं आणि मला हसू आवरेना. पण पुकारलं.

"तुमानेंग, बेलार्मिनो."

पंखा फिरला. विडीचं एक टोक हळूच लाल झालं, असं तेओफिलो नंतर शपथेवर सांगत होता. मी पाहिलं नाही. मी खोकला ऐकला. आणि मग, अगदी माझ्या डाव्या खांद्यापाशी:

"हजर, सार्जंट."

पंधरा तोंडांतलं पाणी एकाच वेळी बाहेर पडलं. कॅप्टनचं माझ्या वहीवर. जून महिन्याचं अख्खं पान फिस्कटलं. तेव्हा मला काय वाटलं ते लिहितो, कारण लाज आता झाकायची नाही: शेजारी मेलेला माणूस बोलला होता, आणि मला आधी दुःख झालं ते पानाचं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोलीत कोरडं तोंड एकच होतं.

"माडरांग," कॅप्टन चेहरा पुसत म्हणाला, "तीन महिने तूच त्याचा आवाज काढत होतास."

"साहेब, माझ्या आईची शपथ..."

"खोकल्यासकट."

तिथल्या तिथे ठराव आला: चिटणीसाने सभेची दिशाभूल केल्याबद्दल नाराजी. बाजूने नऊ, विरुद्ध दोन, तेओफिलो तटस्थ, दोघे पळालेले. आणि तो ठराव माझ्याविरुद्ध मीच लिहून घ्यायचा, कारण चिटणीस मी. मी लिहिला. सुवाच्य.

माणसं गेल्यावर मी फरशी पुसायला घेतली. सगळीकडे पाणी होतं, ते आमच्या तोंडातलं, त्यात काही विशेष नाही. पण बेलार्मिनोच्या खुर्चीखालचं पाणी गढूळ होतं, लाल. आमच्या गावची जमीन वाळूची, करडी. लाल माती मी एकाच ठिकाणी पाहिलेली आहे. दाराकडून खुर्चीपर्यंत पावलं आली होती. जवळजवळ पडलेली, बोटं बाहेर वळलेली. खांद्यावर माणूस घेतलेला माणूस असा चालतो. ती पावलं मी फडक्याने पुसली आणि फडकं तिथेच टाकून घरी आलो.

जुलैत कॅप्टन म्हणाला, "या वेळी नाव मी पुकारतो. तू पाणी धर." म्हणजे संशयित मी. माझ्या हातातून वही गेली ती सव्वीस अधिक सहा वर्षांत पहिल्यांदा. मला माझ्या खुर्चीवर बसवलं, डावीकडे ती रिकामी खुर्ची. दोन जण माझ्या गालांवर नजर ठेवून. बाहेर पाऊस धो धो, दिवसा अकराला दिवे लावलेले.

"तुमानेंग, बेलार्मिनो," कॅप्टनने वाचलं.

काही नाही. पाऊस. कॅप्टनने माझ्याकडे विजयाने पाहिलं, बघा, असं. आणि पेन उचललं.

तेव्हा माझ्या कानाशी तो खोकला. इतक्या जवळ की कानाला गारवा लागला. खोलीभर ऐकू गेलं, पण नजर कॅप्टनकडे नव्हती त्या आवाजाची; आवाजाला नजर असते हे मला त्या दिवशी कळलं.

"हजर, सार्जंट. मी इकडे आहे. पलीकडच्या काठावर."

मी पाणी गिळलं. ठसका लागला, खोकत राहिलो. खोली रिकामी होत होती. तेओफिलोसुद्धा उठून चालू लागला होता, आणि त्याला तर ऐकूच येत नाही. कॅप्टन माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा राखेचा झाला होता, पण डोकं ठिकाणावर होतं.

"सिप्रियानो, अ लिही. मी सही करतो. तिन्ही महिन्यांची पानं नव्याने लिही, अ, अ, अ. बाईचं काम होऊन जाईल. कोण विचारतंय?"

तो चांगल्या मनाने बोलत होता. मी पेन घेतलं. त्या रकान्यात अ लिहायला किती वेळ लागतो, मला ठाऊक आहे. एकदा लिहिलेला आहे.

आता तुम्ही जे इतकी वर्षं विचारलं नाहीत ते सांगतो. चौतीस वर्षांपूर्वी दक्षिणेच्या बेटावर, लाल मातीच्या एका नदीकाठी, धुक्यात सकाळची हजेरी होती. गाड्या चालू होत्या, लेफ्टनंट घाई करत होता. मी नावं पुकारत होतो. तुमानेंगचं उत्तर आलं नाही, मी अ लिहिला, शाईने. पुढचं नाव पुकारलं. आणि तेवढ्यात पलीकडच्या काठावरून बारीक खोकला आला आणि आवाज: "हजर, सार्जंट." वायरलेसवाला जखमी झाला होता, त्याला खांद्यावर घेऊन तो नदीत उतरत होता, हे नंतर कळलं. धुक्यामुळे दिसत नव्हतं. पण ऐकू आलं होतं.

मी वहीकडे पाहिलं. सहा पानं, एक खाडाखोड नाही. लेफ्टनंट म्हणाला, "सगळे?" मी म्हणालो, "एक गैरहजर." गाड्या निघाल्या.

अकरा दिवसांनी तो चालत तळावर आला. वायरलेसवाला चौथ्या दिवशी वाटेत गेला होता, त्यामुळे साक्षीला कुणी नाही. चौकशीत तो म्हणाला, "मी उत्तर दिलं होतं." मला विचारलं. मी म्हणालो, "ऐकलं नाही." त्याच्या कागदावर लागलं: विनापरवाना गैरहजर, अकरा दिवस. त्याची बढती कायमची गेली. तेव्हा कॉर्पोरल होता, कॉर्पोरल म्हणूनच घरी आला. माझ्या शेजारची खुर्ची त्याने स्वतः निवडली. वर्षानुवर्षं दर महिन्याला, क्षणभर थांबून, खोकून, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "हजर, सार्जंट." मी त्याला लकब समजत आलो. खरं तर समजत नव्हतो. पण तसं समजणं सोयीचं होतं.

कॅप्टन गेल्यावर पुरिता एकटी खुर्च्या रचत होती. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "झोपेत रोज तेच बोलायचे. 'इकडे आहे, पलीकडच्या काठावर.' मी उठवायचे. म्हणायचे, गाड्या गेल्या गं." मग वळली. "सार्जंट, तुम्ही ऐकलं होतं का?"

"हो," मी म्हणालो.

ती ओरडेल असं वाटलं. छत्री मारली असती तरी चाललं असतं. तिने वही माझ्यासमोर सरकवली.

"मग आज अ लिहू नका," ती म्हणाली. "मला थांबता येतं."

मी ह लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बस धरली. खिडकी क्रमांक सात. मिस पागदिलावला मी सगळं सांगितलं, आता जसं लिहिलं तसं. तिने जुनी फाइल मागवली. पिवळ्या कागदावर माझं अक्षर, अजून देखणं.

"आजोबा, ही नोंद तुमच्याच सहीची आहे. सही करणाऱ्याला तीच नोंद खोटी म्हणता येत नाही."

"खोटी आहे म्हणूनच मी सांगतोय!"

"आणि इतकी जुनी नोंद फक्त ज्याची त्याने स्वतः येऊन, अर्ज करून बदलता येते."

"तो मेला आहे, बाळ."

तिने पडद्यावर पाहिलं, मग माझ्याकडे. तिला वाईट वाटत होतं, खरंच. "आमच्या नोंदीप्रमाणे ते हयात आहेत, आजोबा. म्हणजे ते येऊ शकतात."

"येईल," मी म्हणालो. "तो येतो."

ती हसली नाही. मी उठलो तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीखाली ती टक लावून बघत होती. मी पाहिलं नाही. मला माहीत होतं काय आहे ते. त्यानंतर आठवड्याने तुमचं 'मनःस्थिती' वालं पत्र आलं. त्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर लाल ओलसर डाग आहे. तो माझ्याकडचा नाही. पाकीट मी तुमच्या शिक्क्यासकट फोडलं.

म्हणून हे शेवटचं लिहितो. चौतीस वर्षांपूर्वी मी खोटं लिहिलं, ते तुम्ही दुपारच्या आत मान्य केलंत. एकानेही विचारलं नाही, पलीकडच्या काठावर जाऊन कुणी पाहिलं का. आज मी खरं लिहितोय, सहीनिशी, तर तुम्हाला माझी मनःस्थिती दिसते. अक्षर तेच आहे, माणूस तोच आहे. फरक एवढाच की त्या वेळी कागद स्वच्छ होता. सोबत मूळ वही पाठवतो आहे. तिच्यात जूनचं पान फिस्कटलेलं आहे, आणि जुलैच्या पानात मी मुद्दाम एक खाडाखोड केली आहे, तुम्हाला ओळख पटावी म्हणून. मला जी शिक्षा असेल ती द्या, माझं पेन्शन थांबवा, सार्जंट हा शब्द काढून घ्या. पण आधी त्या नदीकाठच्या सकाळपुढचा अ खोडा आणि तिथे ह लिहा. मग आम्ही नाव पुकारू, आणि माझी खात्री आहे, या वेळी तो गप्प बसेल. पुरिता काळं उतरवेल. गावजेवणाला तुम्हीही या.

येत्या दुसऱ्या रविवारी अकरा वाजता सभा आहे. नवीन वही आणली आहे. डावीकडची खुर्ची मी पुसून ठेवणार आहे. त्याच्या आधी मला एका प्रश्नाचं उत्तर लेखी हवं, तुमच्यापैकी कुणाच्याही सहीने: त्या सकाळी कॉर्पोरल बेलार्मिनो तुमानेंग हजर होता की नव्हता?